न ऐकलेली शिट्टी

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "संगमनेरसारख्या गावात राहून तुम्ही एवढे बँड शोधले, त्यांना उभं केलं. तुम्हाला कान आहे. त्या कानाविषयी लिहा." मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर कुंदा, माझी बायको, म्हणाली, "लिहिणार असाल तर सगळं लिहा. नाहीतर नका लिहू." म्हणून सगळं लिहितोय. संपादकांच्या मनात होतं तसं हे होणार नाही, तेव्हा त्यांची आधीच माफी मागतो.

पहिल्यांदा 'बँड' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आमच्या भागात बँड म्हणजे लग्नाचा बँड. लाल कोट, पितळी कर्णे आणि पुढे नवरदेवाचा घोडा. मी ज्यांच्यामागे माझी दहा-बारा वर्षं घातली ते बँड म्हणजे चार-पाच पोरं-पोरी एकत्र येऊन स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी म्हणतात, ते. ही गाणी सिनेमातली नसतात आणि कुणी लिहूनही दिलेली नसतात. हा फरक गावाला समजावता समजावता माझी दमछाक झाली. एकदा आश्वीकडचे एक गृहस्थ दुकानात आले. "तुमच्याकडं चांगला बँड आहे असं ऐकलं," म्हणाले. मी खुलून सांगायला लागलो, गिटार कोण वाजवतं, गाणी कुणाची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, घोडा तुमचा का आमचा?"

माझा मूळ धंदा साउंडचा. लग्नं, सभा, कीर्तनं, कारखान्याची वार्षिक सभा, शाळांची गॅदरिंग, जिथे माइक लागेल तिथे मी. बाहेरच्यांना वाटतं, साउंडवाला म्हणजे स्पीकर लावणारा. स्पीकर कुणीही लावतो. खरं काम मिक्सरवर बसून करायचं असतं. प्रत्येक माइकचा आवाज वेगळा येतो, त्यातला जाड भाग किती ठेवायचा, बारीक भाग किती, कोण कुणाला झाकतंय, हे कानाने ठरवायचं आणि बोटाने करायचं. माइकमध्ये स्पीकरचाच आवाज परत शिरला की शिट्टी वाजते. ती वाजायच्या आधी नुसती कुजबुजते. तेवढ्यात ती पकडून दाबायची. ते ज्याला जमतं तो साउंडवाला. आमच्या कामाची कुणी स्तुती करत नाही. लोक मान वळवून मिक्सरकडे बघायला लागले की समजायचं, काहीतरी चुकलं.

मला ते जमायचं. नुसत्या खोकल्यावरून कोणत्या माइकला शिट्टी लागणार हे मी सांगायचो. नगरपासून नाशिकपर्यंत या धंद्यातली माणसं "सुभाषरावांचा कान" असं बोलायची आणि ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

बँडचं सुरू झालं ते गणेशमुळे. पॉलिटेक्निकला शिकणारा, राजापूर रस्त्याला खोली करून राहणारा मुलगा. त्याचा मित्र अल्ताफ ड्रम वाजवायचा, आणि ड्रम म्हटल्यावर घरमालकाने दोघांना बाहेर काढलं. ड्रम ठेवायला जागा द्या म्हणून ते माझ्या गोदामात आले. ठेवले तर वाजवणारच. दुपारी गोदामात बसून ते सिनेमाची गाणी वाजवायचे, तिकडे माझं लक्षही नसायचं. एक दिवस मात्र चाल ओळखीची वाटेना. आत जाऊन विचारलं, "हे कुठलं?" गणेश लाजला. म्हणाला, "आमचंच आहे काका. राहू दे, बंद करतो."

बंद करू नका म्हटलं, आणि माझं ते काम सुरू झालं. माझे मित्र दिलीपशेठ यांचं नाशिक–पुणे रस्त्याला मंगल कार्यालय आहे. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या महिन्यांत ते रिकामं पडून असतं. मी त्यांना म्हटलं, रविवारी संध्याकाळी द्या, झाडून परत देईन. वर पत्रा, खाली फरशी, आवाज नुसता घुमायचा. त्यावर आम्ही वऱ्हाडाच्या खोल्यांतल्या गाद्या आणून भिंतींना उभ्या लावल्या. लग्नात ज्या गाद्यांवर मामा-आत्या घोरतात त्याच रविवारी आमचा आवाज पिऊन टाकायच्या. पाच वाजता सुरू, आठच्या आत बंद. हळूहळू श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव अशा ठिकाणांहून पोरं यायला लागली. मी कॉलेजांच्या गॅदरिंगला जाऊन ऐकायचो, कुणाच्या गोठ्यात तालीम चालते कळलं की तिथे जायचो. कुणाला स्पीकर द्यायचो, कुणाच्या वडिलांशी बोलायचो, होस्टेलच्या रेक्टरपुढे हात जोडायचो. आणि कुणाला नाही म्हणायचो. नाही म्हणणं हाही कामाचाच भाग होता, आणि ते मी ठासून म्हणायचो, कारण मला कान होता.

या सगळ्यांत वरचढ निघाला तो 'खोडवा'. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून परत फुटतो त्या पिकाला आपण खोडवा म्हणतो. हे नाव रेखाचं. रेखा जामखेडकडची. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला आमच्या भागात येतात. ती इथे मामाकडे राहून बी.ए. करत होती. गणेशच्या बँडला गायला कुणी मिळेना, म्हणून तिला एका मैत्रिणीने आणलं. ती गायला उभी राहिली आणि गोदामात माल उतरवणारे हमाल काम सोडून दारात येऊन थांबले. तिच्या घरची परवानगी घ्यायला मी कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर गेलो. मनात भाषण तयार ठेवलं होतं. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "आमाला बी ऐकाया येता येईल का?" त्या रविवारी अख्खा तळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कार्यालयात आला. रेखाच्या आईने पहिल्या ओळीत बसून पोरीचं प्रत्येक गाणं मान हलवत ऐकलं. त्या दिवसाइतका मी माझ्या कामावर कधीच खूश नव्हतो.

आता कानाचं.

सुरुवात कधी झाली हे सांगता येत नाही. आमच्या मागच्या दारी सकाळी चिमण्या असायच्या. त्या गेल्या असं मला वाटलं. मी कुंदाला म्हटलं, मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या संपल्या. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकवायचो. कुंदा एकदा म्हणाली, "अहो, पेरूवर बसल्यात की." मी बघितलं, बसलेल्या होत्या. चोची हलत होत्या. मी म्हटलं, "आता कुठं राहिल्या पूर्वीसारख्या," आणि विषय बदलला.

मग कार्यक्रमांत लोक कुरकुरायला लागले, आवाज टोचतोय. मी पत्र्याला दोष दिला. अल्ताफच्या झांजा हलक्या प्रतीच्या आहेत म्हटलं, त्याला नव्या घ्यायला लावल्या. मला बारीक आवाज कमी ऐकू येत होता, म्हणून मी तो वाढवत होतो. मला पुरेसा वाटेपर्यंत वाढवायचो, तोवर समोरच्यांच्या कानाचं भुसकट झालेलं असायचं. हे आज लिहिता येतं. तेव्हा मनात शंका आली की मी तिला कामात बुडवून टाकायचो. साउंडवाल्याचा कान जाणं म्हणजे काय हे धंद्यातल्या माणसालाच कळेल. उद्यापासून मी कोण? या प्रश्नाकडे मी बघतच नव्हतो.

त्या सुमाराला पुण्याच्या एक बाई माझ्या शब्दावर खोडवाला ऐकायला आल्या. नव्या बँडांचा एक मोठा महोत्सव त्या भरवतात. मी त्यांना फोनवर फोन करून बोलावलं होतं. बाई अपेक्षेपेक्षा लवकर आल्या. एरवी साउंड लावून झाला की गणेश मला ओढून समोरच्या टपरीवर चहाला न्यायचा, हा आमचा नेम होता. त्या दिवशीही तो आला. "काका, चहा?" मी म्हटलं, "आज नको, पाहुण्या बसल्यात." त्याने परत विचारलं. मी जरा चिडून नाही म्हटलं. मला बाईंशेजारी मिक्सरवर बसून माझी करामत दाखवायची होती.

पहिली दोन गाणी झाली. तिसरं रेखाचं हळू गाणं. ट्रॉलीतल्या सामानावर बसून निघालेली पोर मागे राहणारं गाव बघते, असं ते आहे. ती जवळजवळ कुजबुजल्यासारखी गाते. मी तिचा माइक वाढवला, आणखी वाढवला. सुंदर चाललं होतं. मी डोळे मिटून मान डोलावत होतो.

डोळे उघडले तर गणेश स्टेजवरून उतरून माझ्याकडे येत होता. गाणं अर्धवट, गिटार गळ्यात, आणि हा चालत येतोय! तो सरळ आला आणि त्याने मिक्सरवर रेखाच्या माइकचा आवाज खाली ओढायला हात घातला. मी त्याच्या हातावर चापट मारली. माझ्यापुढे सूचना द्यायचा माइक होता, तो चालूच होता. "हात लावायचा नाही! तुझं काम तू कर!" हे सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

मग मी समोर बघितलं. सगळ्यांच्या माना वळलेल्या होत्या. पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्याने दोन्ही कानांत बोटं घातली होती. एका बाईने मांडीवरच्या लेकराचे कान तळहातांनी दाबले होते, आणि ते लेकरू तोंड वासून रडत होतं. शेजारच्या पाहुण्या बाई डोळे घट्ट मिटून, खांदे वर घेऊन बसल्या होत्या. स्टेजवर रेखा गायची थांबली होती आणि माइकवर पंजा दाबून माझ्याकडे बघत होती.

शिट्टी वाजत होती. एवढा वेळ कार्यालयात शिट्टी वाजत होती, पत्रा फाटेल अशी. आणि माझ्यासाठी तिथे शांतता होती.

मी हात मागे घेतले. गणेशने दोन ठिकाणी बोटं लावली. लोकांनी कानांतली बोटं काढली. त्यावरून मला कळलं की थांबली. गणेश हळूच म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी इथंच थांबतो." मी उठलो आणि मागच्या दाराने स्वयंपाकघराच्या बाजूला जाऊन रिकाम्या कढयांपाशी उभा राहिलो. पुढचा कार्यक्रम मी पाहिला नाही. जाताना बाईंना निरोपही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात वायरी गुंडाळत बसलो होतो. काही वेळाने वर बघितलं तर रेखा काउंटरला टेकून उभी.

"कधी आलीस?"

"लई वेळ झाला. मागून तीनदा हाका मारल्या."

मी म्हटलं, "वायरीत लक्ष होतं."

ती फिरून माझ्यासमोर आली, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलली. "काका, तुमाला ऐकू येत न्हाई ना?"

"येतं की. तुझं बोलणं कळतंय ना मला?"

"तोंडाकडं बघता म्हनून कळतंय. माझी आत्या बी तसंच बघती. मी पहिल्या महिन्यातच वळखलं हुतं. तवापासनं तुमच्याशी बोलायचं झालं की तोंड तुमच्याकडं करूनच बोलायलेय मी."

मला वाटायचं, पोरगी मान देऊन बोलते. वळण चांगलं आहे.

ती म्हणाली, "आनी एक सांगते. राग धरू नका. गणेश तुमाला चहाला न्यायचा ना, तवा अल्ताफ मिक्सरवर जाऊन सगळं बारीक करून ठेवायचा. वरीस झालं. काल तुमी चहाला गेला न्हाईत."

त्या चहाचं काय सांगू! वर्षभर मी कुंदाला सांगत होतो, पोरांचा माझ्यावर जीव आहे, चहा मला सोडून पीत नाहीत. टपरीवर मी त्यांना माझ्या तरुणपणच्या गोष्टी सांगायचो, कुठल्या सभेत कुठला माइक कसा वाचवला त्या. गणेश हसून दाद द्यायचा आणि मधूनच रस्त्यापलीकडे कार्यालयाच्या दाराकडे बघायचा. अल्ताफचं झालं का ते बघत असणार.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

रेखाने खाली बघितलं. मग आठवण होऊन मान वर केली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमाला कोन सांगनार काका? तुमचा कान म्हंजे..."

त्या दिवशी मी कुंदाला सांगितलं. तिलाही माहीत होतं. ती नुसतं "चला" म्हणाली आणि मला नाशिकला घेऊन गेली. तिथे एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, हातात बटण देतात. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसलेली. थोड्या वेळाने आवाज यायचे थांबले. पण तिचा हात दिसत होता. हात हलला की मी बटण दाबायला लागलो. साठी ओलांडलेला माणूस, कॉपी करत होतो. मुलीच्या लक्षात आलं. समोरची फाइल उचलून तिने हातापुढे आडवी उभी केली आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली. त्यानंतर मी बराच वेळ बटण हातात धरून नुसता बसून राहिलो. खोलीबाहेर आल्यावर मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी सांगितलं, जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेलेत. वर्षानुवर्षं स्पीकरपाशी उभं राहिल्याने. बोलण्यातले स, श, फ, थ असे हवेचे आवाज तुम्हाला पोचतच नसणार, बाकीच्यावरून तुम्ही अंदाज बांधत असणार. कानाचं मशीन मिळालं. घरी आल्यावर पहिल्यांदा माझ्याच चपलेचा आवाज ऐकला. कुंदाच्या बांगड्या ऐकल्या. कुंदा विचारत होती, कसं वाटतंय. मला डॉक्टरांचे ते 'स' आणि 'श' सोडत नव्हते.

कारण मला सोमा आठवला होता.

सोमा आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातला, भंडारदऱ्याच्या बाजूचा. भातशेती करणारा आणि बाकीच्या दिवसांत जीप चालवणारा. त्या शिट्टीच्या दोन-एक वर्षं आधी तो आणि त्याचा चुलतभाऊ एका रविवारी कार्यालयात गाणी ऐकवायला आले होते. हा गाणार, भाऊ ढोलकी आणि बुलबुलतरंग वाजवणार. गाणं काजव्यांचं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला तिकडे काजवे बघायला शहरातल्या गाड्यांची रीघ लागते. त्यावरचं ते गाणं, मोठं खट्याळ:

काजवं बगाया आलं सायेब
गाडीचं लाइट लावून,
सेतात माज्या घुसली गाडी
सायेब हासत्यात पाहून

तेव्हा मला शब्द नीट लागले नाहीत. काहीतरी गिळल्यासारखं वाटलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "चाल चांगली आहे. पण तुझे शब्द स्पष्ट नाहीत. स आणि श तर ऐकूच येत नाहीत. उच्चारांवर मेहनत घे, मग ये." त्याने मान हलवली, "व्हय काका," म्हणाला. परत आला नाही. मीही त्याला विसरून गेलो.

आता मी अकोल्याला गेलो. स्टँडवर त्याची जीप सापडायला वेळ लागला नाही. त्याने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, पुढच्या सीटवर बसवलं. "राजूरपतूर चला काका, तवर बोलता येईल." मागे सात-आठ माणसं भरलेली. मी विचारलं, "गाणं चालू आहे का?"

तो खूश झाला. "हाय की! तुमी सांगितलं तवापासनं लई मेहनत केली. आमच्या साळेतल्या... शाळेतल्या गुरुजींकडं वरीसभर जात हुतो, नुसत्या स-श साठी. आरशापुढं म्हनायचो. आता ऐका." आणि जीप चालवता चालवता त्याने गाणं म्हटलं.

काजवे बघायला आले साहेब
गाडीचे दिवे लावून,
शेतात माझ्या शिरली गाडी

मशीन कानात होतं. मला सगळं ऐकू आलं. एकेक श घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. तो प्रत्येक शब्दापाशी जरासा थांबत होता, उच्चार तपासून पुढे जात होता. खट्याळपणा कुठल्या कुठे गेलेला. शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं. मागे बसलेल्यांपैकी कुणीही हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "पयलं लई ग्वाड म्हनायचा ह्यो. आता रेडिवोवानी म्हनतुया."

गाणं संपल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. "कसं झालं?"

मी सांगितलं. मशीन काढून दाखवलं, परत घातलं. म्हटलं, "सोमा, तुझे शब्द पहिल्यापासून स्पष्ट होते. मला ऐकू येत नव्हतं. चूक माझ्या कानाची होती."

वळणं होती, तो गिअर बदलत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी माझं 'सेत' बरुबर हुतं?"

"हो."

"मला वाटलं, तुमाला आमचं बोलनं गावठी वाटलं. म्हनून तसं म्हनलात."

"नाही रे. तसं नव्हतं."

"मी घरात बी तसं बोलाया लागलो हुतो. बायकोला 'शेत' म्हन, 'शाळा' म्हन म्हनून बोलायचो. पोरांना हसायचो." त्याचा आवाज चढला नाही. "भाऊ मला सोडून गेला. तुजं गानं आता आपलं ऱ्हायलं न्हाई म्हनला."

मी म्हटलं, "पहिल्यासारखं म्हण. या रविवारी ये. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

"आता जमंना काका," तो म्हणाला. "तोंडात येतं, मग आडतं. तुमी समोर दिसता."

राजूर आलं. त्याने जीप थांबवली, माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. त्याने भाड्याला हात लावला नाही. मी पुढे केलेल्या नोटेकडे बघितलंही नाही. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि मशीनमधून खिडकीच्या काचांचा खडखडाट ऐकत होतो. माझ्या कानाची लाज मी वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. ती या माणसाने आपल्या जिभेची समजून अंगावर घेतली होती. आणखी किती जणांनी घेतली असेल, मला माहीत नाही. ज्यांना मी नाही म्हटलं त्यांतल्या बऱ्याच जणांची नावंही मला आठवत नाहीत. जे आठवले त्यांना फोन केले. कुणी हसून सोडून दिलं, कुणी फोन उचलला नाही.

खोडवाला पुण्याच्या बाईंनी बोलावलं. साउंडवाला मात्र त्यांचाच असेल, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. पोरं गेली आणि गाजवून आली. लोकांनी माझं अभिनंदन केलं. पेपरात 'खोडवाचा शोध लावणारे' असं माझ्या नावापुढे छापून आलं, ते कापून कुणीतरी दुकानात चिकटवलं होतं. मी काढून टाकलं. मिक्सरवर आता अल्ताफ बसतो. मी गाद्या लावतो, खुर्च्या मांडतो, पोलिसांची परवानगी काढतो. कोण चांगलं आणि कोण नाही, हे रेखा आणि गणेश ठरवतात. मला विचारलं तरी मी सांगत नाही.

अकोल्याची ती फेरी झाल्यावर बरेच महिने गेले. सोमाची गोष्ट मी रेखाला सांगितली होती, पण ती अधूनमधून त्याला फोन करत होती हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी कार्यालयाच्या दारात जीप थांबली. सोमा एकटाच आला होता, ढोलकी घेऊन. मला लांबूनच नमस्कार केला. स्टेजवर जायच्या आधी त्याने रेखाला काहीतरी विचारलं. मी खुर्च्या सरळ करत जवळच होतो, त्यामुळे तिचं उत्तर ऐकू आलं. "मला काय इचारायलास? गानं तुझं हाय."

मी शेवटच्या ओळीत जाऊन बसलो. त्याने काजव्यांचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीत "काजवं" म्हणाला. लोक हसले, त्याला जरा बळ आलं. मग "शेतात" आलं, स्वच्छ, घासलेलं. त्याचं त्यालाच कळलं. तो अडखळला, ढोलकीचा ठेका चुकला, परत मागून उचललं आणि "सेतात" म्हणाला. पुढच्या कडव्यात पुन्हा "साहेब" आला. असं करत करत तो निम्मं जुनं, निम्मं माझं असं गाणं म्हणत राहिला. चांगलं झालं असं म्हणता येणार नाही. मधेच फार सुंदर व्हायचं आणि लगेच बिघडायचं. प्रत्येक बिघडलेल्या शब्दापाशी त्याची नजर गर्दीतून शेवटच्या ओळीकडे यायची आणि मला मान खाली घालावीशी वाटायची.

कानातलं मशीन काढून खिशात टाकावं असं फार वाटलं. ते टाकलं असतं तर बिघडलेलं मला कळलंच नसतं. छान ठेका, छान चाल, मी डोळे मिटून मान डोलावली असती.

मी ते काढलं नाही. मान वर ठेवून बसलो आणि एक एक शब्द ऐकला.